परदेशात शिकलेल्या वकिलाने अमेरिकेतल्या एलएल.एम.साठी अर्ज करताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: भारतात पदवीनंतर तीन वर्षांचं एलएल.बी. केलं, गुण ५८ टक्के. सहा वर्षं वकिली चालू आहे. बरंचसं काम बिल्डर कंपन्यांच्या दिवाळखोरीच्या प्रकरणांतलं, घर खरेदीदारांच्या बाजूने. आता अमेरिकेत एलएल.एम. (कायद्यातली वर्षभराची पदव्युत्तर पदवी) करायचं आहे. कोणत्या लॉ स्कूलला अर्ज करावा, पर्सनल स्टेटमेंटमध्ये (अर्जासोबतच्या स्वतःबद्दलच्या निबंधात) काय लिहावं, आणि पदवी मिळाल्यावर तिथे वकिली करता येईल का?

मी शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं त्यावर अवलंबून आहेत. मी स्वतः बाहेरच्या पदवीवर इथे अमेरिकेत एलएल.एम. केलं, न्यूयॉर्कची सनद घेतली, आणि तुमच्यासारख्या वकिलांच्या अर्जांचे मसुदे बरीच वर्षं वाचते आहे. हुशार, अनुभवी वकिलांचे अर्ज बहुतेक वेळा इंग्रजीमुळे किंवा गुणांमुळे पडत नाहीत. या एका वर्षातून आपल्याला नेमकं काय हवं आहे हे त्यांनी ठरवलेलं नसतं, आणि ते अर्जाच्या पानापानावर दिसतं.

एलएल.एम.ला येणारे वकील ढोबळमानाने तीन कारणांनी येतात. काहींना एखाद्या विषयात खोल जाऊन आपल्या देशात परतायचं असतं. काहींना शिकवायचं आणि संशोधन करायचं असतं, पुढे एस.जे.डी. किंवा जे.एस.डी. ही डॉक्टरेट खुणावत असते. आणि काहींना अमेरिकेतली सनद आणि नोकरी हवी असते. तिन्ही कारणं चोख आहेत. पण तिन्हींसाठी अर्ज वेगळा, लॉ स्कूल वेगळं आणि पैशाचं गणितही वेगळं. तिन्ही एकदम साधायला निघालेला अर्ज समितीला अनिश्चित वाटतो, आणि तो अनिश्चित असतोही.

आधी एक मूलभूत गोष्ट. अमेरिकेत वकिलीची मुख्य पदवी म्हणजे तीन वर्षांची जे.डी. अमेरिकन बार असोसिएशन मान्यता देते ती जे.डी.ला, एलएल.एम. अभ्यासक्रमांना ती स्वतंत्र मान्यता देत नाही. त्यामुळे एलएल.एम. हातात आली म्हणजे वकिलीचा परवाना मिळाला, असं अजिबात होत नाही. परवाना प्रत्येक राज्य आपापल्या नियमांनी देतं, आणि परदेशात शिकलेल्या वकिलांना बार परीक्षेला, म्हणजे या परवान्याच्या परीक्षेला, सगळीच राज्यं बसू देत नाहीत. जी देतात त्यांत न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्निया ही दोन सगळ्यांत महत्त्वाची.

न्यूयॉर्कचा नियम तिथल्या कोर्ट ऑफ अपील्सच्या नियमावलीत ५२०.६ या क्रमांकाखाली आहे. तो तुम्ही स्वतः मुळातून वाचा. कायद्याचं वाचन हेच आपलं काम, सल्लागाराने सांगितलेल्या सारांशावर विसंबू नका. त्याचा गाभा असा: तुमचं कायद्याचं शिक्षण तुमच्या देशात वकिलीसाठी पुरेसं असलं पाहिजे, ते मान्यताप्राप्त संस्थेत झालेलं असलं पाहिजे, त्याचा कालावधी अमेरिकेतल्या जे.डी.शी तुल्य असला पाहिजे आणि त्याचा आशय इंग्रजी कॉमन लॉवर, म्हणजे न्यायालयांच्या निवाड्यांतून घडलेल्या इंग्लंडच्या कायदापद्धतीवर, आधारलेला असला पाहिजे. यांपैकी कालावधी किंवा आशय या दोनांतली एकच बाजू लंगडी असेल तर ती अमेरिकेतल्या एलएल.एम.ने भरून काढता येते. दोन्ही लंगड्या असतील तर येत नाही. फ्रान्स, ब्राझील किंवा जपानमधला वकील एलएल.एम. करतो तो बहुधा आशयाची उणीव भरून काढण्यासाठी. कॉमन लॉ देशात तीन वर्षं पूर्णवेळ कायदा शिकलेल्या वकिलाला मात्र अनेकदा एलएल.एम.शिवायच परीक्षेला बसता येतं. तुमची पदवी या दुसऱ्या गटात मोडण्याची शक्यता चांगली आहे. पण तो निर्णय न्यूयॉर्कच्या बोर्ड ऑफ लॉ एक्झामिनर्सचा. ते प्रत्येक अर्जदाराची पदवी, गुणपत्रिका आणि वकिलीची शैक्षणिक पात्रता स्वतंत्रपणे तपासतात. गुणपत्रिका थेट विद्यापीठाकडूनच मागवतात, तुमच्या हातून आलेली चालत नाही. ही तपासणी परीक्षेच्या किमान वर्षभर आधी सुरू करावी.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. निव्वळ न्यूयॉर्कची परीक्षा देता यावी म्हणून लाखभर डॉलर खर्चायला निघाला असाल तर त्या खर्चाची तुम्हाला कदाचित गरजच नाही. हे लोकांना फार उशिरा कळतं. तरीही एलएल.एम.चा उपयोग होतो, कारण अमेरिकन पद्धतीचं कायदेशीर लेखन, तिथले विषय आणि तिथली माणसं हे सगळं परीक्षेच्या पात्रतेतून मिळत नाही. पण निदान आपण कशासाठी पैसे मोजतोय हे तरी स्पष्ट असावं.

बोर्डाने तुम्हाला एलएल.एम. आवश्यक ठरवली, तर कोणतीही एलएल.एम. चालत नाही. किमान २४ क्रेडिट हवीत. अमेरिकन बार असोसिएशनची मान्यता असलेल्या लॉ स्कूलमध्ये, प्रत्यक्ष अमेरिकेत वर्गात बसून केलेली हवीत. त्यांत व्यावसायिक नीतिमत्तेची २, कायदेशीर संशोधन आणि लेखनाची २, अमेरिकन कायदेव्यवस्थेच्या परिचयाची २ आणि बार परीक्षेत येणाऱ्या विषयांची ६ क्रेडिट असावी लागतात. ऑनलाइन एलएल.एम. इथे चालत नाही. आणखी एक अडचण: कर, बौद्धिक संपदा किंवा मानवी हक्क अशा विशेष विषयाची एलएल.एम. घेतली की सक्तीचे विषयच इतके असतात की बारसाठी लागणारी ही १२ क्रेडिट बसवताना दमछाक होते. अर्ज करण्याआधी त्या लॉ स्कूलच्या प्रवेश कार्यालयाला सरळ ईमेल करून विचारा, की या विशेष अभ्यासक्रमात राहून न्यूयॉर्कच्या अटी पूर्ण करता येतात का. उत्तर लेखी घ्या.

कॅलिफोर्नियाची वाट वेगळी आहे. परदेशात सनद घेऊन नियमित वकिली करणाऱ्याला तिथे एलएल.एम.शिवाय बार परीक्षेला बसता येतं. नुसती पदवी आहे पण सनद नाही, अशांना मात्र तिथे एलएल.एम. लागते. सहा वर्षं कोर्टात उभं राहिलेल्या वकिलासाठी ही फार मोठी सोय आहे. परीक्षा मात्र कठीण आहे.

न्यूयॉर्कमध्ये परीक्षेला बसता येणं आणि सनद मिळणं यांतही अंतर आहे. युनिफॉर्म बार परीक्षेत २६६ गुण लागतात. शिवाय नीतिमत्तेची वेगळी परीक्षा, न्यूयॉर्कच्या कायद्याचा ऑनलाइन अभ्यासक्रम आणि परीक्षा, आणि ५० तासांचं विनामोबदला काम. जुलै २०२८ पासून न्यूयॉर्क नेक्स्टजेन नावाच्या नव्या परीक्षेवर जाणार आहे, म्हणजे तुमचं एलएल.एम. कोणत्या वर्षी संपतं यावर तुमची परीक्षाही बदलेल. परदेशी पदवीधरांचं उत्तीर्ण होण्याचं प्रमाण अमेरिकेत जे.डी. केलेल्यांपेक्षा नेहमीच बरंच कमी असतं. त्यामागचं कारण कायद्याचं अज्ञान हे फारसं नसतं. वेळेच्या दडपणाखाली, त्यांच्या साच्यात, त्यांच्या भाषेत उत्तर लिहिण्याचा सराव नसतो. म्हणून एलएल.एम.च्या वर्षात लेखनाचा विषय सोपा म्हणून टाळू नका.

परीक्षा न देताही एक मार्ग आहे, आणि त्याची चर्चा होत नाही याचं मला नवल वाटतं. मागच्या पाच वर्षांपैकी किमान तीन वर्षं आपल्या देशात वकिली केलेल्या माणसाला न्यूयॉर्क लीगल कन्सल्टंट म्हणून परवाना देतं. त्यावर तुम्ही आपल्या देशाच्या कायद्याबद्दल तिथे सल्ला देऊ शकता. न्यूयॉर्कच्या कायद्यावर सल्ला देता येत नाही. सीमापार दिवाळखोरीत काम करणाऱ्याला हा परवाना उपयोगी पडू शकतो.

आता नोकरी आणि व्हिसा. इथे मला स्पष्ट बोलावंच लागेल, कारण लोक घर गहाण ठेवून येतात.

विद्यार्थी एफ-१ व्हिसावर येतो. पदवीनंतर ओ.पी.टी. नावाची १२ महिन्यांची काम करण्याची परवानगी मिळते. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीधरांना ती आणखी २४ महिने वाढवून मिळते. कायद्याच्या पदवीला ही वाढ नाही. या काळात तुम्ही एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहू शकत नाही. आता हे वेळापत्रकावर बसवून बघा: मे महिन्यात पदवी, ओ.पी.टी. पदवीनंतर ६० दिवसांच्या आत सुरू करावीच लागते, बार परीक्षा जुलैच्या अखेरीस, आणि निकाल शरद ऋतूत. म्हणजे निकाल हाती येण्याआधीच ते ९० दिवस संपू शकतात. यावर तोडगा आहे. आपल्या क्षेत्रात आठवड्याला किमान २० तासांचं विनावेतन काम, उदाहरणार्थ कायदेविषयक मदत देणाऱ्या संस्थेत, रोजगार म्हणून धरलं जातं. नीट नियोजन केलं तर त्यातच न्यूयॉर्कचे ५० तासही भरून निघू शकतात. पण अशी जागा हिवाळ्यातच बोलून ठेवावी लागते. जूनमध्ये शोधायला निघालात तर हाल होतात.

त्यापुढे एच-१बी. दरवर्षी ६५,००० आणि अमेरिकेतल्या उच्च पदवीधरांसाठी आणखी २०,००० अशी मर्यादा, आणि अर्ज त्याहून खूप जास्त येत असल्याने निवडीचा मामला. सप्टेंबर २०२५ मध्ये तर देशाबाहेरून आणायच्या नव्या एच-१बी कर्मचाऱ्यासाठी मालकाने १,००,००० डॉलर भरावेत असा आदेश निघाला. हे नियम हलते आहेत. अर्ज करताना, आणि पुन्हा प्रवेश स्वीकारताना, त्या दिवशीची स्थिती तपासा.

मोठ्या फर्म जे.डी.च्या विद्यार्थ्यांना उन्हाळी कामातून आधीच उचलतात. एलएल.एम.वाल्यांसाठी वेगळा, अरुंद दरवाजा असतो: जानेवारीच्या सुमारास होणारे परदेशी वकिलांसाठीचे मुलाखत मेळावे आणि स्वतःच्या ओळखी. ज्यांना जागा मिळतात त्यांच्याकडे बहुधा आपल्या देशातल्या नामांकित फर्मचा व्यवहारविषयक अनुभव, एखादी दुर्मीळ भाषा किंवा त्या फर्मला हवा असलेला देश असतो. कोर्टात उभं राहणाऱ्या वकिलाला ही वाट जास्त खडतर आहे. अमेरिकेत राहायचंच हे पक्कं असेल तर काही लॉ स्कूल परदेशी वकिलांना दोन वर्षांत जे.डी. पूर्ण करू देतात. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात त्यासाठी स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. खर्च जवळपास दुप्पट, पण हातात येते ती इथली मुख्य पदवी.

तुमच्या पत्रातून मला जे दिसतं त्यावरून तुमचं खरं कारण पहिलं आहे: विषयात खोल जाणं. तुम्ही "तिथे वकिली करता येईल का" हे विचारलंत ते चौकशी म्हणून, पण ज्या ओढीने लिहिलंत ते खरेदीदारांबद्दल. मी पुढचं सगळं ते धरून सांगते.

कोणतं लॉ स्कूल? क्रमवारी बघून यादी करू नका. एलएल.एम.ला लॉ स्कूलचा स्वभाव फार फरक पाडतो. येलचा वर्ग पंचविसेक जणांचा, आणि तो मुख्यतः ज्यांना शिकवायचं आहे त्यांच्यासाठी. हार्वर्डमध्ये सुमारे १८० जण असतात, जगाच्या कानाकोपऱ्यातून आलेले. स्टॅनफर्ड आपली एलएल.एम. ठरावीक विशेष विषयांत देतं आणि किमान दोन वर्षांचा अनुभव मागतं. एन.वाय.यू.चा (न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीचा) कर विषयातला दबदबा मोठा आहे. तुमच्यासाठी प्रश्न एवढाच: दिवाळखोरीचा कायदा कोण शिकवतं, ती व्यक्ती पुढच्या वर्षी रजेवर तर नाही ना, आणि एलएल.एम.च्या विद्यार्थ्याला त्यांच्या सेमिनारमध्ये जागा मिळते का. ही तिसरी गोष्ट कोणी विचारत नाही. अनेक ठिकाणी छोट्या सेमिनारमध्ये जे.डी.वाल्यांना आधी जागा मिळते. न्यूयॉर्क आणि डेलावेअरमधल्या दिवाळखोरी न्यायालयांत देशातली अनेक मोठी प्रकरणं चालतात, त्यामुळे फिलाडेल्फिया किंवा न्यूयॉर्कमधलं लॉ स्कूल तुमच्या कामाच्या जवळचं. सहा-सात ठिकाणी अर्ज करा, त्यांतली दोन तरी अशी निवडा जिथे शिष्यवृत्ती मिळण्याची खरी शक्यता आहे.

आता पर्सनल स्टेटमेंट. अर्जाचा जीव इथे आहे.

मला आलेल्या मसुद्यांपैकी बहुतेकांची सुरुवात सारखी असते. लहानपणी अन्याय पाहिला, त्याची चीड आली, कायद्याकडे वळलो; मग शिक्षण, मग बक्षिसं, मग "आपल्या जगप्रसिद्ध संस्थेतील वैविध्यपूर्ण वातावरणात माझी क्षितिजं विस्तारतील." हे खोटं नसतं. पण निवड समितीच्या माणसाने अशी पानं त्या आठवड्यात कितीतरी वाचलेली असतात, आणि यातलं एकही वाक्य तुमचंच आहे असं ओळखता येत नाही. रेझ्युमेत जे आहे ते पुन्हा परिच्छेदात लिहून काढणं हा तर सरळ जागेचा अपव्यय.

समितीला कळायला हवं ते असं, की तुम्ही तुमच्या कामातून एक प्रश्न घेऊन येताय, तो प्रश्न कायद्याचा आहे, तुम्ही त्याचा विचार केला आहे आणि तो सोडवायला नेमकं इथलं काही तरी लागणार आहे. हार्वर्ड हे उघडच मागतं: एकूण १,५०० शब्दांत एका कायदेशीर प्रश्नाचं विश्लेषण आणि एलएल.एम. का हवी याचं उत्तर. इतर ठिकाणी इतकं स्पष्ट लिहिलेलं नसलं तरी अपेक्षा फार वेगळी नसते.

तुमच्याच कामातून बघू. भारताची दिवाळखोरी संहिता २०१६ मध्ये आली तेव्हा घर खरेदीदार कुठे बसतात हे स्पष्ट नव्हतं. २०१८ च्या दुरुस्तीने त्यांना वित्तीय धनको, म्हणजे बँकांसारखे पैसे देणारे, मानलं, म्हणजे येणेकऱ्यांच्या धनको समितीत त्यांना मत मिळालं. मग २०२० मध्ये अट आली, की प्रकरण दाखल करायचं तर एकाच प्रकल्पातले किमान १०० खरेदीदार किंवा एकूण खरेदीदारांच्या १० टक्के लोक एकत्र यायला हवेत. तुमचं काम या तिन्ही टप्प्यांनी घडवलेल्या कायद्यातच चालतं. अमेरिकेच्या दिवाळखोरी संहितेत ग्राहकाने आगाऊ भरलेल्या रकमेला कलम ५०७ खाली अग्रक्रम आहे, पण त्याला डॉलरमध्ये एक लहानशी मर्यादा आहे. त्यावरची रक्कम सामान्य असुरक्षित (तारण नसलेल्या) धनकोंच्या रांगेत जाते. एका व्यवस्थेने खरेदीदाराला मत दिलं, दुसरीने अग्रक्रम दिला पण तोकडा. मतामुळे खरेदीदाराच्या पदरात खरंच काय पडलं? विखुरलेल्या शेकडो लोकांचं एकत्रित मत बँकांसमोर किती टिकतं? अग्रक्रमाची मर्यादा वाढवली तर कर्ज देणारे प्रकल्पापासून लांब पळतील का?

हे तुमचं स्टेटमेंट आहे. हे लिहायला तुम्हाला लहानपणाच्या आठवणीची गरज नाही. एक खरं प्रकरण घ्या, ओळख पटू न देता, आणि कायदा नेमका कुठे अडला ते सहा-सात वाक्यांत दाखवा. उदाहरणार्थ, खरेदीदारांच्या बैठकीत घर हवं असणारे आणि पैसे परत हवे असणारे यांचं पटलं नाही, आणि संहितेत या दोघांना वेगळं ओळखण्याची सोय सापडली नाही. मग तुम्ही काय मांडलं, न्यायाधिकरणाने काय केलं, आणि तुम्हाला अजून काय कळलेलं नाही. शेवटची गोष्ट लिहायला वकील कचरतात. आपण आयुष्यभर पक्षकारापुढे आणि न्यायाधीशापुढे खात्रीने बोलायला शिकलेलो असतो. इथे मात्र "हे मला अजून समजलेलं नाही, आणि म्हणून मी येतो आहे" हे वाक्य तुमचं सगळ्यांत बळकट वाक्य ठरतं.

यानंतर त्या लॉ स्कूलबद्दल दोनच परिच्छेद, पण तपशिलाचे: कोणता विषय, कोणतं क्लिनिक (जिथे विद्यार्थी खऱ्या पक्षकारांसाठी काम करतात), कोणाचं संशोधन तुमच्या प्रश्नाला भिडतं. प्राध्यापकांची नावं पेरायची असतील तर त्यांचं काही तरी वाचून पेरा. त्यांचा लेख तुम्हाला कुठे पटला नाही हे सांगता आलं तर फारच उत्तम. आणि परतून काय करणार हे एका परिच्छेदात. "देशाची सेवा" असं लिहू नका. खरेदीदारांच्या गटांसाठी तुम्ही कोणत्या प्रकारची वकिली उभी करू इच्छिता ते लिहा.

भाषेबद्दल एवढंच, की कोर्टातली इंग्रजी कोर्टातच ठेवा. आपल्या अर्जविनंत्यांमधली लांबलचक, आदरार्थी, "नम्रपणे सादर करण्यात येते की" या वळणाची वाक्यं अमेरिकन वाचकाला जडशीळ वाटतात. लहान वाक्यं, सरळ क्रियापदं. मसुदा अशा माणसाला वाचायला द्या ज्याला दिवाळखोरीतलं काहीच कळत नाही. तो जिथे अडेल तिथे समितीही अडेल. कोणाकडून लिहून घेऊ नका. एजन्सीने लिहिलेली स्टेटमेंट लगेच ओळखू येतात, आणि खोटेपणाची शंका आली की ती पुढे बार प्रवेशाच्या चारित्र्य तपासणीतही तुमच्या मागे येऊ शकते.

शिफारसपत्रं दोन किंवा तीन लागतात. मोठ्या पदावरच्या माणसाचं चार ओळींचं पत्र आणण्यात लोक महिने घालवतात. निवृत्त न्यायमूर्तींनी "यांना मी ओळखतो, हे सज्जन व कष्टाळू आहेत" असं लिहिलं तर त्याने काही साधत नाही. ज्या सीनियरच्या चेंबरमध्ये तुम्ही काम केलंत, त्यांना तुमचा मसुदा, तुमचं संशोधन, तुमची उलटतपासणी माहीत आहे. त्यांनी एक प्रसंग तपशिलात लिहिला की पत्राला वजन येतं. त्यांच्याकडे जाताना स्टेटमेंटचा मसुदा आणि तुम्ही एकत्र लढलेल्या तीन-चार प्रकरणांची आठवण लिहून घेऊन जा. सीनियर व्यग्र असतात, विसरतात. "तूच लिहून आण, मी सही करतो" असं ते म्हणाले तर नम्रपणे नको म्हणा आणि मुद्दे द्या. पत्र ते स्वतःच्या ईमेलवरून थेट पाठवतात, आणि तुमचीच शैली दोन्हीकडे दिसली तर नुकसान तुमचं आहे. दुसरं पत्र शिकवलेल्या प्राध्यापकांचं असावं. सहा वर्षं झाली, ते विसरले असतील असं वाटेल. भेटा, जुना निबंध दाखवा.

गुणांबद्दल तुम्ही घाबरलेले दिसता. ५८ टक्के अमेरिकन वाचकाला फार कमी वाटू शकतात, कारण त्यांच्याकडे ६० च्या खालचा आकडा सहसा नापासाचा मानला जातो. जिथे ६० टक्के म्हणजे प्रथम वर्ग, तिथे ५८ काय सांगतात हे त्यांना समजावून द्यावं लागतं. विद्यापीठाकडून वर्गवारीचं स्पष्टीकरण आणि शक्य असेल तर वर्गातल्या क्रमांकाचं पत्र मिळवा. अनेक लॉ स्कूल एल.एस.ए.सी. या संस्थेमार्फत कागदपत्रं घेतात. ती तुमच्या परदेशी गुणपत्रिकेची पडताळणी आणि मूल्यांकन करते, त्यामुळे हा गैरसमज काहीसा कमी होतो. विद्यापीठाने पाकीट बंद करून, शिक्का मारून थेट पाठवायचं असतं. इथेच सगळ्यांचा वेळ जातो. विद्यापीठाच्या परीक्षा विभागात तुमचा कागद टेबलावरून टेबलावर फिरायला किती लागेल सांगता येत नाही, म्हणून हे काम सगळ्यांत आधी. कमी गुणांमागे खरोखर कारण असेल, आजारपण किंवा शिकताना केलेली नोकरी, तर वेगळ्या छोट्या टिपणात चार वाक्यांत सांगा. स्टेटमेंटमध्ये ते आणू नका. आणि सहा वर्षांचं चांगलं काम गुणांना बऱ्यापैकी मागे सारतं, हेही खरं.

रेझ्युमे एक ते दोन पानी. फोटो, जन्मतारीख, वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती यातलं काही नको. "विविध न्यायालयांत हजर" असं न लिहिता काय केलं ते लिहा: किती खरेदीदारांच्या गटाची बाजू मांडली, कोणत्या टप्प्यावर, निष्पन्न काय. इंग्रजीच्या परीक्षेची सूट मिळते का ते आधी बघा. ज्यांचं कायद्याचं शिक्षण इंग्रजी माध्यमातून झालं त्यांना अनेक ठिकाणी ती मिळते, पण माध्यमाचं प्रमाणपत्र लागतं. टोफेल द्यावी लागलीच तर जानेवारी २०२६ पासून तिची गुणांची पट्टी १ ते ६ अशी बदलली आहे, तेव्हा १२० पैकी १०० वगैरे जुने आकडे वाचून तयारी करू नका.

पैसा. नामांकित लॉ स्कूलची नुसती फी ७५,००० डॉलरच्या वर गेली आहे, आणि राहणं, विमा, पुस्तकं धरली की वर्षाचा आकडा एक लाख डॉलर ओलांडतो. प्रवेश मिळाल्यावर व्हिसाचे कागद हवे असतील तर ही रक्कम तुमच्याकडे आहे हे दाखवावं लागतं. परतून वकिलीच करायची असेल तर एवढं कर्ज रुपयांत फेडणं किती वर्षांचं काम आहे, हे कागदावर मांडा. मी हे निराश करायला सांगत नाही. पण पूर्ण कर्जावर येऊन विषयात खोल जाण्यासाठी वर्ष घालवणारा माणूस मे महिन्यात नोकरीच्या मागे धावू लागतो, आणि ज्यासाठी आला होता ते राहून जातं. हे मी पुष्कळदा पाहिलं आहे आणि त्याचं मला वाईट वाटतं.

लॉ स्कूलची स्वतःची मदत आधी बघा. काही ठिकाणी ती गरजेवर दिली जाते, काही ठिकाणी गुणवत्तेवर, आणि तिचा अर्ज अनेकदा वेगळा आणि लवकरच्या तारखेचा असतो. फुलब्राइट-नेहरू मास्टर्स फेलोशिप (भारत आणि अमेरिका सरकारांची शिष्यवृत्ती) तुमच्यासारख्या, किमान तीन वर्षांचा अनुभव असलेल्यांसाठी आहे. तिचा अर्ज मात्र लॉ स्कूलच्या अर्जाच्या बराच आधी, वर्ग सुरू होण्याच्या वर्षभराहून अगोदर भरायचा असतो. फुलब्राइटवर जे-१ व्हिसा मिळतो, आणि त्याला अट जोडलेली असते: नंतर दोन वर्षं मायदेशी राहिल्याशिवाय एच-१बी किंवा ग्रीन कार्डकडे वळता येत नाही. ज्याला अमेरिकेत राहायचं आहे त्याने ती घेऊच नये. तुम्हाला परतायचं आहे, म्हणजे तुमच्यासाठी ती अट अडथळा नाही. तुम्ही तिला पहिली पसंती द्या.

वेळापत्रक असं धरा. अर्ज साधारण ऑगस्ट-सप्टेंबरला उघडतात. वरच्या लॉ स्कूलच्या मुदती डिसेंबरच्या सुरुवातीपासून लागतात, काहींच्या फेब्रुवारी-मार्चपर्यंत असतात. निकाल मार्च-एप्रिलमध्ये, वर्ग ऑगस्टमध्ये. म्हणजे डिसेंबरचा अर्ज चांगला करायचा तर स्टेटमेंटचा पहिला मसुदा जुलैत हवा.

आणि यंदा की दोन वर्षांनी, हे तुम्ही विचारलं नाहीत पण पत्रात डोकावतं. एलएल.एम.ला वयाचा प्रश्न नाही. दहा-बारा वर्षं वकिली करून आलेले वर्गात सगळ्यांत जास्त बोलतात आणि प्राध्यापकही त्यांचंच लक्षपूर्वक ऐकतात. फुलब्राइटची तारीख निघून गेली असेल तर घाईने कर्ज काढून यंदा येण्यापेक्षा एक वर्ष थांबा. त्या वर्षात खरेदीदारांच्या मताधिकारावर एक लेख लिहून एखाद्या कायदेविषयक नियतकालिकात छापून आणा. गुणपत्रिका आणि पडताळणी उरकून ठेवा. न्यूयॉर्कच्या बोर्डाकडे पात्रतेची विचारणाही आत्ताच करून टाका, जरी तिथे वकिली करायची नसली तरी: उत्तर "हो" आलं तर कोणते विषय घ्यायचे यात तुम्हाला पूर्ण मोकळीक राहील, आणि सगळी २४ क्रेडिट तुमच्या प्रश्नावर खर्च करता येतील.